अस्सल, नक्कल आणि पावणेनऊ इंची ॲक्सल

१/
आज गडकिल्ले नाहीत, ताम्रपट नाहीत. आज एका काळ्या, तेलकट लोखंडी वस्तूवरून भांडायचे आहे. १९६४ ते १९७२ या काळात अमेरिकेत मध्यम आकाराच्या गाड्यांत भलेथोरले व्ही-८ इंजिन बसवून ज्या 'मसल कार' विकल्या गेल्या, त्यांचा जीर्णोद्धार हा आता मोठा छंद आणि त्याहून मोठा धंदा झाला आहे. त्यात मागचा ॲक्सल 'कारखान्यातून निघाला तसा' करून देण्याची एक स्वतंत्र कला मानली जाते. माझा आक्षेप या कलेवर आहे. तिच्या नावाखाली जे चालते, त्यातील बराच भाग ऐतिहासिक साधन नष्ट करून त्याच्या जागी बनावट साधन ठेवण्याचा आहे.

२/
वस्तू आधी समजून घेऊ. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना वाटून देणारी ही यंत्रणा. क्रायस्लरचा पावणेनऊ इंची, फोर्डचा नऊ इंची, डेना कंपनीचा पावणेदहा इंची 'डेना ६०' ही त्यातील गाजलेली घराणी. हे इंच आतल्या क्राऊन व्हीलच्या व्यासाचे. शेव्हरोलेचा ॲक्सल मात्र मागच्या झाकणाच्या बोल्टांवरून 'बारा बोल्टांचा' म्हणून ओळखला जातो.

३/
आता मुद्दा. हा ॲक्सल कारखान्यातून देखणा निघालाच नव्हता. तो गाडीखाली दडणार होता; त्याच्या रंगाचे काम एवढेच की गाडीला लागेपर्यंत गंज धरू नये. क्रायस्लरच्या पत्र्याच्या हाऊसिंगवर काळ्या रंगाचा पातळ हात. त्यात समोरून बसवलेला बिडाचा मधला भाग पुष्कळदा उघडाच. फोर्डकडे वर्षागणिक, कारखान्यागणिक फरक: कुठे काळा, कुठे गेरूसारखा तांबडा प्रायमर, कुठे नुसते लोखंड.

४/
आणि त्यावर खुणा. बोल्टाखाली अडकवलेला, दातांचे गुणोत्तर सांगणारा पत्र्याचा बिल्ला. नटावर 'तपासले' म्हणून टेकवलेला रंगाचा ठिपका. नळीवर ठोकलेली अक्षरे. शेव्हरोलेच्या ओतकामावर तर तारीखच असते: 'सी १४ ९' म्हणजे १४ मार्च १९६९, कारण सी हे तिसरे अक्षर आणि मार्च तिसरा महिना. शिलालेख वाचणाऱ्यांना हे सांगायला नको की कोरलेला मजकूर आणि घाईत ओढलेली रेघ ही दोन वेगळ्या प्रकारची साधने आहेत. कोरलेले टिकते. रेघ एकदाच असते.

५/
या रेघेचे शत्रू दोन. पहिला अगदी सोपा: सगळे सँडब्लास्ट करायचे, पावडर कोटिंगचा आरशासारखा काळा थर चढवायचा आणि फलकावर 'मूळ स्थितीत' लिहायचे. ही बेफिकिरी आहे, पण निदान ती पाहताक्षणी ओळखू येते.

६/
दुसरा शत्रू अभ्यासू आहे, म्हणून अधिक घातक. तोही सगळे खरवडतो. मग पुस्तकात पाहून योग्य छटेचा काळा रंग, मुद्दाम पातळ, मुद्दाम एखादा ओघळ. बाजारात मिळणारा नवा बिल्ला, तयार शिक्के, आणि नटावर स्वतःच्या हाताने 'तपासनीसाचा' ठिपका. परीक्षक खूश होतात. मोडी कागदांच्या अभ्यासाने आपल्याला अस्सल, नक्कल आणि बनावट हे तीन शब्द दिले आहेत. नक्कल स्वतःला नक्कल म्हणवते, म्हणून ती उपयोगी असते. जी आपण अस्सल असल्याचे भासवते ती बनावट, मग शाई कितीही हुबेहूब असो. त्या ठिपक्याचा अर्थ होता, 'मी हा नट तपासला.' आज तो लावणाऱ्याने काय तपासले?

७/
पैशाचा भाग थोडक्यात. २०१४ साली सिएटलच्या लिलावात १९७१ची एक हेमी कूडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली. जिथे 'सगळे आकडे जुळतात' या वाक्याला अशी किंमत येते, तिथे आकडे जुळवून देणारे हातही तयार होतात.

८/
ज्या १९६४च्या मॉडेलपासून, पाँटियाक जीटीओपासून, हे युग मोजतात, त्याच १९६४ साली व्हेनिस सनद झाली. जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे, हे तिचे एक प्रमुख तत्त्व. त्याच धर्तीवर ऐतिहासिक वाहनांसाठी पुढे टुरिन सनद आली. तत्त्वे आहेत, गॅरेजमध्ये ब्लास्टिंगची नळी हाती घेताना ती आठवत नाहीत, एवढेच.

९/
यावर उत्तर येईल, 'गाडी चालवायची आहे, गंज वाढू द्यायचा का?' मुळीच नाही. पण पन्नास वर्षांच्या तेल-ग्रीसच्या पुटाखालीच या खुणा सुरक्षित राहिलेल्या असतात. तो पुट हलक्या द्रावणाने, कापडाने, थराथराने काढा. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्या, मोजपट्टी ठेवून. मग गंजाने खाल्लेला भाग अवश्य रंगवा आणि रंगवला असे लिहून ठेवा. सापडलेली खूण तशीच राखा. न सापडलेली खूण काढू नका.

१०/
आता ज्यासाठी हा सारा प्रपंच. पावणेनऊ इंची ॲक्सल डेट्रॉइटचा. तिथला एल्डन ॲव्हेन्यूचा कारखाना हा क्रायस्लरचा गिअर आणि ॲक्सल बनवणारा एकमेव कारखाना होता; तो थांबला की कंपनीची जोडणी थांबे. कामगारांत बहुसंख्य कृष्णवर्णीय. मे १९६८मध्ये शेजारच्या डॉज मेन कारखान्यातील अघोषित संपातून 'ड्रम' ही कृष्णवर्णीय कामगारांची क्रांतिकारी संघटना उभी राहिली, आणि तिच्यामागोमाग एल्डनमध्ये 'एल्रम'. तक्रारी होत्या लाईनीच्या वाढत्या वेगाच्या, सांडलेल्या तेलाच्या, नादुरुस्त यंत्रांच्या आणि गोऱ्या फोरमनच्या वागणुकीच्या. १९६९च्या जानेवारीत संप झाला. कामगार बडतर्फ झाले.

११/
२६ मे १९७० रोजी व्हिएतनामहून परतलेला २२ वर्षांचा एक कामगार एल्डनमध्ये नादुरुस्त फोर्कलिफ्ट उलटून तिच्याखाली ठार झाला. त्याच वर्षी १५ जुलैला जेम्स जॉन्सन या कामगाराने तिथेच तिघांना गोळ्या घातल्या. त्याचे वकील केनेथ कॉक्रेल यांनी ज्यूरीला थेट कारखान्यात नेऊन ती जागा दाखवली. ज्यूरीने मानसिक असंतुलनाच्या आधारे त्याला निर्दोष ठरवले. त्या तीन जिवांचे समर्थन मी करत नाही. पण त्या बारा जणांनी जमीन आणि यंत्रे पाहिल्यानंतरच निकाल दिला, हे विसरता येत नाही.

१२/
आता १९७०च्या एखाद्या चॅलेंजरखाली पुन्हा वाकून पाहा. तो अर्धवट रंग, तो ओघळ, तो तिरका ठिपका हे त्या वेगाचे आणि त्या हातांचे शिल्लक राहिलेले काम आहे. परीक्षेत गुण मिळावेत म्हणून निवांत गॅरेजमध्ये बारीक कुंचल्याने जो तेच 'निष्काळजी' रूप रंगवतो, तो त्या हातांचा उल्लेख फलकावर कधी करत नाही. रंगाची छटा तीन दशांशांपर्यंत अचूक हवी. एल्डनचे नाव मात्र नको!

१३/
तेव्हा यूट्यूबवर ॲक्सलच्या जीर्णोद्धाराचे व्हिडिओ पाहणाऱ्यांना एक काम. खाली प्रतिक्रियेत 'वा, क्या बात' लिहिण्याआधी तीन गोष्टी मागा: साफ करण्यापूर्वीची छायाचित्रे, सापडलेल्या खुणांची यादी, आणि नंतर रंगवलेल्या खुणांची वेगळी यादी. ज्याच्याकडे तिन्ही आहेत, त्याचा व्हिडिओ इथे जोडा.