जुन्या होड्यांनाही शर्यत हवी

कुलाब्याच्या किनाऱ्यावर मी डिंग्यांची डागडुजी करतो. मुलं ऑप्टिमिस्ट या छोट्या होडीवर शिडाचं तंत्र शिकतात, पण त्या वर्गाच्या स्पर्धा पंधराव्या वर्षापर्यंतच. पुढे नवी होडी, नवं शीड, आणि तो खर्च कोळीवाड्यातल्या घराला झेपत नाही. मुलगा खेळ सोडतो. मला हे फार लागतं, कारण ताडपत्रीखाली जुन्या एंटरप्राइझ पालथ्या पडलेल्या असतात. जॅक होल्ट यांनी 1956 मध्ये प्लायवूडसाठीच आखलेली ही दोघांची होडी. सांधे भरले, वॉर्निश दिलं, की पुन्हा पाण्यात. 1982 च्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्याच समुद्रात तारापोर-करंजिया या जोडीने सुवर्ण जिंकलं, ते फायरबॉलमध्ये; तीही मुळात प्लायवूडची.

अशा जुन्या होड्यांची शर्यत लावा म्हटलं, की क्लब अडचण एकच सांगतात: वेगवेगळ्या होड्यांची शर्यत कशी लावायची? ब्रिटनमध्ये त्यासाठी पोर्ट्समथ यार्डस्टिक आहे. प्रत्येक प्रकाराला एक आकडा; लागलेल्या वेळेला हजारने गुणून त्या आकड्याने भागायचं. संथ होडीचा आकडा मोठा, म्हणून तिच्यावर अन्याय होत नाही. कागद-पेन्सिल पुरते.

क्लबांनो, पावसाळा सरल्यावर महिन्यातला एक रविवार अशा शर्यतीला द्या, प्रवेश शुल्क नाममात्र ठेवा. होड्या दुरुस्त करायला मी येईन.