कोयत्याची अब्रू

माणसांप्रमाणे शब्दांनाही बरे-वाईट दिवस येतात. ‘कोयता’ या शब्दाचे सध्या दिवस फिरले आहेत. २०२२ व २०२३ या साली पुण्याच्या वृत्तपत्रांतून ‘कोयता गँग’ हे नाव इतक्या वेळा झळकले की, शहरात वाढणाऱ्या मुलास कोयता म्हणजे मारामारीचे हत्यार एवढाच बोध होऊ लागला. आम्ही वर्गात या शब्दाचा वाक्यात उपयोग करावयास सांगितला, तर बहुतेक वाक्यांत पोलीस येतात. शेत एखाद्याच वाक्यात येते.

कायद्याने मात्र हा विवेक सोडलेला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या संज्ञेची व्याख्या करताना केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी घडविलेल्या वस्तू वगळल्या आहेत. अर्थात हा आधार शेतकऱ्यास आहे. कोयता परजून रस्त्यावर धाक घालणाऱ्यास नाही. आमची भाषाही हेच सांगते. सुतार आपल्या करवतीस व रंध्यास ‘हत्यारे’च म्हणतो, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. भेद पात्यात नसून ते धरणाऱ्या मुठीत आहे.

नेपाळची खुकरी, मलायातील पारांग, दक्षिण अमेरिकेतील माचेटे ही सारी कोयत्याची भावंडे. कोडगूतील लोक ‘ओडी कत्ती’ हे रुंद पाते पाठीशी पितळी अडकवणीत बाळगतात. आमच्या खानापूरच्या जंगलपट्ट्यापासून खाली गोवा-कोकणापर्यंत तीच सोय आकडीने साधते. कमरेच्या दोरीस मागे आकडी, आकडीत कोयता, आणि दोन्ही हात झाडावर चढावयास मोकळे!

कोयत्याचा आकार उगाच तसा नाही. पात्याचे वजन पुढच्या अंगास अधिक असल्यामुळे घाव हाताच्या जोरापेक्षा पात्याच्या भाराने बसतो. पुढची वाकडी चोच काटेरी फांदी आपल्याकडे ओढून घेते, म्हणजे हात काट्यांत घालावा लागत नाही. गावोगावचे लोहार मोडीत निघालेल्या ट्रकच्या कमानीचे पाटे घेऊन त्यांतून कोयते घडवितात, कारण ते पोलाद चिवट असते. तांबडेलाल पाते पाण्यात किंवा तेलात बुडविले की ते कठीण होते. परंतु नुसते कठीण पाते काचेसारखे ठिसूळ. म्हणून पुन्हा बेताने शेकून त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. ‘पाणी देणे’ म्हणतात ते हेच. ही विद्या कोणत्याही पुस्तकावाचून, केवळ तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून, आमच्या लोहारांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळली.

आता वापराविषयी. फांदीवर घाव काटकोनात घालू नये, तिरपा घालावा. उभ्या तंतूंत पाते सहज शिरते. जाड फांदी तोडताना आधी खालच्या अंगास एक खाच घ्यावी व मग वरून घाव घालावा, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलवटत नाही. बांबू पेराच्या जरा वर तोडावा. तो मधोमध तोडला तर उरलेल्या नळीत पाणी साचते आणि बेट कुजते. पावसाळ्यात रानात विस्तव पेटविण्याची वेळ आली तर ओल्या काटक्या फुंकीत बसू नये. वाळलेला जाड ओंडका घ्यावा, त्याच्या टोकावर पाते ठेवून दुसऱ्या लाकडाने ठोकावे. ओंडका फाटला की आतला गाभा बहुधा कोरडा सापडतो, व त्याच्याच ढलप्यांवर विस्तव धरतो.

त्याहून महत्त्वाचे ते सावधपणाचे नियम. घाव चुकला तर पाते कोठे जाईल याचा विचार घाव घालण्यापूर्वी करावा. पाय त्या वाटेत नसावा. बुंध्याशी काम असेल तर गुडघा टेकावा, म्हणजे चुकलेला घाव मातीत जातो. भोवती कोयत्यासह हात फिरेल त्याच्या दुप्पट अंतरात कोणी उभे नसावे. मूठ घामाने किंवा पावसाने ओली झाली की पुसावी. कोयता दुसऱ्यास देताना मूठ त्याच्याकडे करावी. आणि धार बोथट ठेवू नये. बोथट पाते घसरते, आणि घसरलेले पाते माणसाला लागते.

कोयता कोठे थांबावा, हेही जुन्या माणसांस ठाऊक होते. भाताच्या राबासाठी कवळ तोडताना ऐनाचा शेंडा राखीत, म्हणजे झाड पुन्हा फुटे. देवराईत तर कोयता आकडीतून काढीतच नसत. आज खानापूर तालुक्यातील भीमगड हे २०११ पासून अभयारण्य आहे. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून एक डहाळीही तोडता येत नाही. शेंडा राखणारी जुनी रीत सर्वांनी पाळली असती, तर कदाचित कायद्यास एवढे कडक व्हावे लागले नसते.

या शब्दाचा आणखी एक अर्थ आम्हांस अस्वस्थ करतो. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. एकट्या मजुराचा ‘अर्धा कोयता’. बीडकडून निघालेली ही जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि आमच्या सीमाभागातील कारखान्यांवरही येतात. साखर बुडख्यात अधिक, म्हणून ऊस जमिनीलगत तोडावयाचा, वाढे छाटावयाचे, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहावयाच्या. आजारपणामुळे दिवस चुकला तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. अवजाराचे नाव माणसास मिळाले, आणि त्या नावाखाली माणूसच दिसेनासा झाला! आपल्या चहात विरघळणाऱ्या साखरेच्या प्रत्येक चमच्यामागे हा कोयता आहे. गुंडाच्या हातातला कोयता बातमी होतो. या कोयत्याची बातमी क्वचितच होते.

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच. येत्या खंडेनवमीस घरातील कोयता, विळी, कुऱ्हाड पुसून हळदकुंकू लावाल, तेव्हा घरातील मुलांस जवळ बसवावे. हा कोणी घडविला, कशासाठी घडविला, कसा धरावा आणि कोठे थांबवावा, हे त्यांस सांगावे. गावात भाता अद्याप चालू असेल तर मुलांस एकदा तेथे घेऊन जावे. शब्दाची गेलेली अब्रू शब्दकोशात परत मिळत नाही. ती कामातच परत मिळवावी लागते.