दुपारचे कुलूप

माघ सरता सरता घाटकोपर-विक्रोळीच्या दरम्यान पूर्व द्रुतगती महामार्गालगत गुलाबी फुलांनी झाडे भरून जातात. 'बसंत रानी' म्हणतात त्यांना. वर्तमानपत्रांत दरवर्षी फोटो येतात. झाडे मूळची मध्य अमेरिकेकडची. आपल्या वस्त्यांतला वसंत मात्र पाचोळ्यातून येतो. पिंपळ झडतो आणि तांबूस पालवीने लखलखतो, पांगारा नि काटेसावर पाने टाकूनच फुलतात. हे सगळ्यांत आधी कळते ते बाग झाडणाऱ्या बाईला. तिच्या टोपल्या वाढतात, पगार तोच.

आणि ज्यांना कळायला हवे, त्या बाहेर असतात. घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवस पाहा. सकाळची भांडी-कपडे-लादी आटोपून एकच्या सुमारास त्या मोकळ्या होतात, पोळ्यांची कामे चारनंतर. घर लांब, मध्ये जाऊन येणे परवडत नाही. नेमक्या याच वेळी उपनगरांतल्या कितीतरी उद्यानांना कुलूप असते. मग कुंपणाला पाठ टेकून पदपथावर डबा खायचा. आत सावली रिकामी पडलेली! 2008 साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, म्हणजे ती कामगार आहे हे मान्य झाले. कामगाराला विसावा लागतो, हे अजून कुणाच्या गावी नाही.

तशी बाईला वसंताची मुभा आहे. चैत्रगौरीचे हळदीकुंकू, कैरीची डाळ, पन्हे. पण तो घरातला, आमंत्रणाचा आणि बहुतेक ठिकाणी सवाष्णींचा. बागेतल्या बाकाला सवाष्ण-विधवा काही ठाऊक नसते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 मध्ये 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मांडले, की मुंबईत बाईला बाहेर दिसायचे तर काहीतरी काम दाखवावे लागते. मूल खेळवायला आणले, किंवा डॉक्टरांनी चालायला सांगितले, तर ठीक. नुसती मोहोराचा वास घेत बसलेली बाई? लगेच नजरा वळतात.

दुपारी सफाई असते, 'जोडपी बसतात', ही कारणे ऐकून झाली आहेत. सफाई निम्म्या बागेत दोरी लावूनही होते. जोडपी बसली तर बसू द्यावीत. ऊन चढायच्या आत विभाग कार्यालयात निवेदन जायला हवे: फाटक दुपारी उघडे, बायकांचे स्वच्छतागृह चालू आणि फुकट. निवेदनावर पहिल्या सह्या बाग झाडणाऱ्या बायकांच्या घेऊ या. त्यांनाही दुपारी टेकायला जागा हवीच आहे.