जुन्या नकाशातले गाव

नकाशा म्हटला की शाळेच्या भिंतीवर टांगलेला रंगीत तक्ता डोळ्यांसमोर उभा राहतो. निळ्या रेषेची नदी, तपकिरी रंगाचा डोंगर आणि लाल ठिपक्याचे शहर दाखवणे, एवढेच नकाशाचे काम, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु नकाशा जुना झाला म्हणजे तो निराळेच काम करू लागतो. आज काय आहे हे तो सांगत नाही. एके काळी काय होते हे सांगतो. एकाच गावाचा जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी शेजारी ठेवून वाचणे, हा त्या गावाचा इतिहास समजून घेण्याचा एक उत्तम मार्ग होय. मात्र तो वाचताना न्यायाधीश जसा साक्षीदाराचा शब्द पारखून घेतो, तसाच नकाशाचा शब्दही पारखून घेतला पाहिजे.

याचे एक चांगले उदाहरण गोव्यात मांडवी नदीच्या तीरावर आहे. जुने गोवे हे आज एक लहानसे गाव आहे. मोठमोठी चर्चे, त्यांच्या मधली हिरवळ, माडांची दाटी आणि थोडी घरे, असे त्याचे रूप दिसते. एके काळी ही पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी होती, हे तेथील शांतता पाहून कोणाला खरे वाटणार नाही.

परंतु ४०० वर्षांहून अधिक जुना एक नकाशा त्याची ग्वाही देतो. यान व्हान लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ साली गोव्यात आला आणि तेथील आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून सुमारे पाच वर्षे राहिला. मायदेशी परतल्यावर त्याने आपल्या प्रवासाचा ग्रंथ लिहिला. तो १५९६ साली ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात गोव्याचा एक मोठा नकाशा आहे. त्यात नदीकाठचे धक्के दिसतात, एकमेकांना चिकटून उभी असलेली घरे दिसतात आणि शहराच्या मध्यातून जाणारा सरळ हमरस्ता दिसतो. या रस्त्यावर रोज सकाळी लिलावाचा बाजार भरे, असे वर्णन लिन्सखोटेनने केले आहे.

हा नकाशा एका हातात आणि आजचा नकाशा दुसऱ्या हातात घेतला, तर पहिला प्रश्न आपोआप मनात येतो. इतकी घरे गेली कोठे? नकाशा येथे थांबतो. बदल झाला एवढेच तो दाखवतो; तो का झाला हे शोधण्यासाठी ग्रंथांकडे आणि कागदपत्रांकडे वळावे लागते. तेथे उत्तर मिळते. या शहरात रोगांच्या साथी वारंवार आल्या आणि लोक ते सोडून जाऊ लागले. समुद्रावरील व्यापारात डचांनी पोर्तुगीजांना मागे टाकले, तेव्हा शहराची मिळकतही आटली. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलवला. १८३५ साली गोव्यातील मठ बंद करण्यात आले आणि ओस पडलेल्या इमारती ढासळू लागल्या. संत ऑगस्टीनच्या चर्चचे छत १८४२ साली कोसळले. त्याच्या उंच मनोऱ्याचा एक भाग तेवढा आज उभा आहे. जी चर्चे टिकली, त्यांची गणना १९८६ पासून जागतिक वारशात होते.

जुने गोवे ओसरत होते, तेव्हा त्याच नदीच्या काठी दुसरे एक गाव वाढत होते. पणजी ही पूर्वी दलदलीने वेढलेली लहानशी वस्ती होती. एकोणिसाव्या शतकात दलदल बुजवून तेथे रस्ते आखण्यात आले आणि १८४३ साली पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला. ओस पडलेल्या जुन्या शहरातील कित्येक इमारतींचे दगड या नव्या शहराच्या बांधकामासाठी नेण्यात आले. पणजीहून रायबंदरला जाणारा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा दगडी बांधरस्ता आजही वापरात आहे. तो १६३३-३४ च्या सुमारास बांधला गेला. म्हणून १५९६ च्या नकाशात तो सापडणार नाही. जे आज आहे पण जुन्या नकाशात नाही, आणि जे जुन्या नकाशात आहे पण आज नाही, अशा दोन याद्या केल्या की गावाच्या बदलाचा आराखडा हाती येतो.

येथवर नकाशाची थोरवी झाली. आता त्याची उणीवही पाहिली पाहिजे. नकाशा काढणारा मनुष्य आपल्याला महत्त्वाचे वाटेल तेच काढतो. लिन्सखोटेनच्या ग्रंथातील नकाशात हमरस्ता ठळक आहे. पण त्याच रस्त्यावरच्या लिलावात गुलाम म्हणून माणसेही विकली जात, ही गोष्ट रस्त्याच्या रेषेवरून कळत नाही. ती त्याच्या लिखाणातून कळते. शहरासमोर मांडवीच्या पात्रात दिवाडी बेट आहे. तेथे कदंब राजांचे आराध्यदैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. पोर्तुगीजांनी ते पाडले, तेव्हा भक्तांनी देवाला नदीपलीकडे नेले. पुढे १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. लिन्सखोटेनचा नकाशा निघाला तेव्हा दिवाडीवरचे ते देऊळ उरले नव्हते. मग नकाशात ते कसे दिसावे? परंतु आजही दिवाडी बेटावर एक नार्वे आहे आणि नदीपलीकडे, जेथे सप्तकोटेश्वर आहे, तेथेही नार्वेच आहे. वास्तू गेली तरी गावाचे नाव मागे राहते आणि शोधणाऱ्याला वाट दाखवते. म्हणून नकाशातील रेषांइतकेच त्यातील नावांकडेही लक्ष दिले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, आता मोबाइल फोनवर घराघराचा नकाशा दिसतो. मग जीर्ण कागदांचे काय प्रयोजन? हा आक्षेप वरवर खरा वाटतो. फोनवरील नकाशा वाट शोधण्यास फार उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु जेथे वसाहत उभी राहिली तेथे पूर्वी तळे होते, आणि जो रस्ता रुंद झाला त्याच्याखालून पूर्वी ओढा वाहत होता, हे तो सहसा सांगत नाही. ओढ्याचे पात्र माणसे विसरतात, पाणी मात्र विसरत नाही. मोठा पाऊस झाला की ते आपली जुनी वाट शोधत येते आणि त्या वाटेवर बांधलेल्या घरांत शिरते. घर कोठे बांधावे आणि कोठे बांधू नये, हे ठरवताना जुना नकाशा समोर असता तर पुष्कळांचे नुकसान टळले असते.

शिवाय असा नकाशा मिळवण्यासाठी ॲम्स्टरडॅमला जाण्याचे कारण नाही. पूर्वीच्या मुंबई इलाख्यात पद्धतशीर जमीनमोजणीवर आधारलेली सारा आकारणी १८३६ साली पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात सुरू झाली. पुढे गावोगाव मोजणी होऊन गावांचे नकाशे तयार झाले. गावठाण, शिवार, ओढे, विहिरी आणि गाडीवाटा त्यांत दाखवलेल्या असतात. हे नकाशे भूमी अभिलेख कार्यालयात सांभाळून ठेवलेले आहेत. शिक्षकांनी त्यांची नक्कल मिळवावी, मुलांनी ती घेऊन गावातून हिंडावे, आणि नकाशात नसलेली गोष्ट वडीलधाऱ्या माणसांना विचारावी. कागदावर जी विहीर नुसता ठिपका असते, तिच्यावर कोण पाणी भरत असे आणि कोणाला भरू दिले जात नसे, हे एखादी वृद्ध आजीच सांगू शकेल.

राजांची नावे आणि लढायांची सनावळी पाठ करून इतिहासाचा एक भाग कळतो. ज्या मातीवर रोज पाय पडतो, तिचा इतिहास मात्र जुना नकाशा हाती घेऊन, डोळे उघडे ठेवून आणि पायी चालूनच शिकावा लागतो. जी शाळा आपल्या मुलांना एकदा तरी असे हिंडवून आणील, तेथील मुले मोठेपणी गावातला ओढा बुजवण्यापूर्वी किंवा जुना वाडा पाडण्यापूर्वी क्षणभर थांबून विचार करतील. गावाचे भले होण्यासाठी असे थांबणारे नागरिक हवे असतात.