मुखवट्याआडचा माणूस

सेवानिवृत्त शिक्षक परदेश पाहून आला, कीं त्यानें तेथील ग्रंथालयांविषयीं किंवा शिस्तीविषयीं चार शब्द लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती वावगी नाहीं. परंतु ह्या महिन्याच्या सदरांत आम्ही एका उंदराविषयीं लिहिणार आहों. हा उंदीर दोन पायांवर चालतो, हातांत पांढरे मोजे घालतो आणि त्याच्या भेटीसाठीं चांगलीं शिकलेलीं माणसें मुलाबाळांसह रांगेंत ताटकळत उभीं राहतात. त्या रांगेंत २०२४ सालच्या सप्टेंबर महिन्यांत आम्हीही सहकुटुंब उभे होतों. तेथें जो प्रश्न आमच्यापुढें आला, तो मात्र उंदराएवढा लहान नव्हता. आणि असा प्रश्न ज्या घरांत मूल आहे त्या प्रत्येक घरांत केव्हां तरी यावयाचाच.

आमचा मुलगा नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियांत राहतो. त्याला आठ वर्षांची कन्या व चार वर्षांचा पुत्र आहे. मुलांनीं आजीआजोबांना 'मिकीचें घर' दाखविण्याचा बेत केला आणि तो मोडण्याचें धैर्य आमच्या अंगीं नव्हतें.

अनाहाइम गांवचें हें डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें. तें वॉल्ट डिस्ने (१९०१–१९६६) यांच्या कल्पनेंतून निघालें. त्यांचा मिकी माउस त्यापूर्वींच, १९२८ च्या नोव्हेंबरांत, 'स्टीमबोट विली' ह्या लहानशा बोलपटांतून लोकांपुढें आला होता आणि पुढें कित्येक वर्षें त्याचा आवाज खुद्द डिस्नेच काढीत. पडद्यावरचा हा उंदीर मुलांना हातानें शिवतां यावा, ही त्या उद्यानाची मोठी युक्ति. गंमत अशी, कीं उद्यान उघडलें तेव्हां पात्रांचे वेषही घरचे नव्हते. 'आइस कपेड्स' ह्या बर्फावर नाचणाऱ्या मंडळीकडून ते मागून आणावे लागले. आज त्याच धर्तीचीं उद्यानें फ्लोरिडा, टोकियो, पॅरिस, हाँगकाँग आणि शांघाय येथें आहेत.

ह्या सोंगांचे नियम ऐकून आम्हांस आमच्या नाट्यशास्त्राची आठवण झाली. पूर्ण मुखवट्याच्या पात्रानें भेटींत एक अक्षरही बोलावयाचें नाहीं. सर्व संभाषण हातवाऱ्यांनीं. ज्यांचा चेहरा उघडा असतो त्या राजकन्या बोलतात, परंतु आपल्या कथेबाहेरचें कांहीं ठाऊक असल्याचें दाखवीत नाहींत. मुलांच्या वहींत स्वाक्षरी करावयाची ती त्या त्या पात्राच्या ठराविक वळणाचीच, मग आंत कोणीही असो. तेथील नोकरवर्गालाही 'नोकर' न म्हणतां नाटकमंडळींतील नट अशा अर्थाचा शब्द वापरतात. भरतमुनींनीं अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. ह्या बिचाऱ्या उंदराला वाणी नाहीं आणि चेहरा झांकलेला असल्यामुळें अश्रु, रोमांच, मुखवर्ण हेंही दाखवितां येत नाहीं. चारांपैकीं दोन साधनांवर त्याला मुलाचें मन जिंकावयाचें असतें. आम्हीं आयुष्यभर वर्गांत चारही वापरलीं, तरी शेवटच्या बांकावरचीं मुलें झोंपत असत!

जाण्याच्या आदल्या रात्रीं जेवतांना नात म्हणाली, "आजोबा, माझी मैत्रीण म्हणते, मिकीच्या आंत माणूस असतो. खरं सांगा, असतो ना? बाबा म्हणतात, आजोबा कधीं खोटं बोलत नाहींत."

तिचा धाकटा भाऊ समोरच बसला होता. त्याचा घांस हातांतच राहिला. मोरीशीं भांडीं विसळीत असलेल्या आमच्या मुलाचाही हात थांबला. आम्हीं "उद्यां पाहूं" म्हणून वेळ मारून नेली; परंतु ज्या प्रश्नाला तत्काळ उत्तर द्यावयाचें तेथें 'उद्यां' म्हणणारा शिक्षक विद्यार्थ्यांच्या दृष्टीला तेव्हांच ओळखूं येतो, हें आम्हांस ठाऊक होतें.

मुलें निजल्यावर मुलगा आमच्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "बाबा, मारुतीचं शेपूट आठवतं?"

आठवत होतें. तीस वर्षें तें आम्हीं विसरलों नव्हतों, इतकेंच कीं कोणाजवळ बोललों नव्हतों.

१९९४ सालीं आमच्या कोंकणांतील गांवीं एक बहुरूपी आला होता. मारुतीचें सोंग, तोंडाला शेंदूर, खांद्यावर पुठ्ठ्याची गदा आणि मागें चिंध्या भरून केलेलें लांब शेपूट. आमचा मुलगा तेव्हां सहा वर्षांचा. तो ओटीवर हात जोडून उभा होता आणि त्यानें आपल्या वांट्याचें केळें मारुतीला देण्यासाठीं आणलें होतें. आम्ही नुकतेच शाळेंतून आलों होतों. मुलाच्या मनांत अंधश्रद्धा रुजूं नये, त्याला वस्तुस्थिति कळावी, असा त्या वेळीं आमचा कटाक्ष असे. आम्हीं पुढें होऊन म्हटलें, "अरे, हा मारुति नव्हे, पोटासाठीं सोंग घेतलेला माणूस आहे. हें पाहा!" आणि तें शेपूट ओढलें. शिवण उसवली, चिंध्या अंगणांत पडल्या. आळींतलीं मुलें हंसलीं. बहुरूपीही हंसला, कारण हंसणें हा त्याचा धंदा होता. त्यानें चिंध्या एक-एक वेंचून झोळींत घातल्या आणि आमच्या मातुःश्री सुपांत तांदूळ घेऊन बाहेर येईपर्यंत तो फाटकाबाहेर गेलाही होता. मातुःश्री सूप हातांत धरून म्हणाल्या, "खरं बोललास रे, पण कुणाच्या पोटावर पाय देऊन?"

मुलगा रडला नाहीं. त्यानें केळें ओटीच्या कठड्यावर ठेवलें आणि आंत गेला. तें केळें संध्याकाळपर्यंत तेथेंच होतें.

"उद्यां काय सांगणार?" मुलानें विचारलें. त्याच्या स्वरांत राग नव्हता, आणि म्हणूनच तो प्रश्न आम्हांस अधिक लागला.

दुसऱ्या दिवशीं ऊन कडक होतें. मिकीच्या घराच्या खोल्यांतून फिरत फिरत रांग पुढें सरकत होती. अखेर आमची पाळी आली आणि आजपर्यंत उंदरासाठीं उड्या मारणारा आमचा नातू त्याला समोर पाहतांच आजीच्या पदरांत शिरला. चित्रांतला उंदीर हातभर असतो. हा तर माणसाएवढा, आणि एवढ्या मोठ्या डोक्याचा! मुलाची आई त्याला पुढें ढकलणार, तोंच मिकीनें तळहात दाखवून तिला थांबविलें. तो एक पाऊल मागें सरला आणि गुडघे टेकून खालीं बसला. मग त्यानें दोन्ही हातांनीं स्वतःचेच डोळे झांकले, जणूं तोच भ्यालेला आहे. थोड्या वेळानें एक हात बाजूला करून त्यानें हळूच पाहिलें. नातवानेंही पदराआडून पाहिलें. असें तीन-चार वेळां झाल्यावर पोरगा आपण होऊन पुढें गेला आणि त्यानें त्या काळ्या नाकावर एक बोट ठेवलें. मागें एवढी मोठी रांग असतां त्या माणसानें घाई केली नाहीं. अध्यापनाच्या पदविकेसाठीं बालमानसशास्त्राचे धडे आम्हींही वाचले होते. परंतु भ्यालेल्या मुलापुढें आपण आधीं भ्यावें, ही रीति आम्हांस त्यांत आढळली नव्हती.

नात मात्र हें सर्व दुरून पाहत होती. भाऊ बाजूला झाल्यावर ती जवळ गेली आणि त्या मोठ्या कानाशीं तोंड नेऊन तिनें मराठींतच विचारलें, "आंत खूप उकडतं का?"

प्रश्न त्याला कळणें शक्य नव्हतें. परंतु तिचा स्वर त्याला कळला असावा. त्यानें पांढऱ्या मोज्याचा हात आपल्या छातीवर ठेवला आणि मान लववली. नातीनें त्याला मिठी मारली. कोरोनाच्या सांथींत हीं उद्यानें बंद होतीं आणि उघडल्यावरही पात्रांना दुरूनच पाहावें लागे. मिठी मारण्याची मोकळीक २०२२ च्या एप्रिलांत परत मिळाली, हें सूनबाईंनीं आम्हांस मागाहून सांगितलें.

बाहेर येऊन नात आमच्याजवळ बांकावर बसली. भाऊ आईबरोबर पाणी प्यावयास गेला होता. "आजोबा," ती म्हणाली, "मला कळलंय. पण तुम्ही सांगा."

तेव्हां आम्हीं तिला घोड्याची गोष्ट सांगितली. काश्मिरांत फार पूर्वीं श्रीशंकुक नांवाचे एक पंडित होऊन गेले. रामाचें काम करणाऱ्या नटाला पाहून प्रेक्षकाला जें वाटतें तें ज्ञान कोणत्या जातीचें, हा त्यांचा प्रश्न होता. 'हा रामच आहे' असें तें सरळ खरें ज्ञान नव्हे. 'हा राम नव्हे' असें मागाहून खोटें ठरणारेंही तें नव्हे. 'राम असेल कीं नसेल' असा तो संशय नव्हे, आणि 'हा रामासारखा दिसतो' अशी ती नुसती तुलनाही नव्हे. मूल चित्रांतला घोडा पाहून 'घोडा' म्हणतें, त्या वेळीं त्याला जें ज्ञान होतें, त्या जातीचें हें पांचवें ज्ञान. त्याला चित्रतुरगन्याय म्हणतात आणि मम्मटाच्या काव्यप्रकाशांत तो आलेला आहे. अभिनवगुप्तांच्या टीकेंत ह्या मतावर पुष्कळ आक्षेप आहेत. पण आठ वर्षांच्या मुलीला ते सांगण्याची आवश्यकता आम्हांस वाटली नाहीं.

ती क्षणभर विचार करून म्हणाली, "म्हणजे भाऊ खोटं मानत नाहीं, आणि मैत्रीणही खोटं बोलत नाहीं."

"आणि आंत माणूस आहे," आम्ही म्हणालों. "तूं विचारलेंस म्हणून सांगतों. भावानें अजून विचारलेलें नाहीं."

"तो विचारील तेव्हां मी सांगीन," ती म्हणाली. "तुम्ही नका सांगूं." आमच्या हातून एक अधिकार तिनें त्या बांकावर काढून घेतला, आणि तो योग्य हातीं गेला, असें आम्हांस वाटतें.

त्या मुखवट्याआडच्या माणसांविषयीं एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. २०२४ च्या मे महिन्यांत, म्हणजे आमच्या भेटीच्या चारच महिने आधीं, तेथील पात्रें व मिरवणुकींतले कलावंत यांनीं 'अॅक्टर्स इक्विटी' ह्या नटांच्या संघांत सामील व्हावें कीं नाहीं यावर मतदान केलें. ९५३ मतें अनुकूल पडलीं आणि २५८ प्रतिकूल. रंगमंचावर ज्यांना एक अक्षर बोलतां येत नाहीं, त्यांनीं मतपेटींतून आपण कोण तें सांगितलें. मुलांना मिकी कळावा. पण घरांतील वडीलधाऱ्यांना तरी ह्या माणसाचें अस्तित्व ठाऊक असावें.

वाचकभगिनींना आणि बंधूंना आमचें सांगणें थोडेंच आहे. जत्रेंत असो, वाढदिवसाच्या समारंभांत असो कीं सातासमुद्रापलीकडे असो, सोंगापुढें मूल भ्यालें तर छायाचित्रासाठीं त्याला पुढें ढकलूं नये. अंतर किती ठेवावें तें त्याचें त्याला ठरवूं द्यावें. मोठें मूल खरें विचारूं लागलें, तर खोटें सांगूं नये. पण उत्तर त्याला एकट्याला द्यावें, धाकट्यांच्या देखत नव्हे. आणि सोंग उघडें पाडण्यासाठीं सोंग घेणाऱ्याच्या अंगाला हात लावूं नये. सत्य सांगण्यास शेपूट ओढावें लागत नाहीं. हें आम्हांस पस्तिसाव्या वर्षीं कळावयास हवें होतें. तें पासष्टी उलटल्यावर एका नातीकडून कळलें. परतीच्या वाटेवर गाडींत मुलाला आम्हीं तेवढें सांगितलें. त्यानें आरशांतून आमच्याकडे पाहिलें आणि "असूं द्या, बाबा" म्हणाला.

दिवाळीच्या आधीं आम्ही गांवीं परतलों. पुढें पौष महिन्यांत एके सकाळीं आमच्या आळींत एक तरणाबांड बहुरूपी आला. ह्याचें सोंग पोलिसाचें होतें. खाकी टोपी, हातांत दांडकें, छातीवर पत्र्याचा बिल्ला. फाटकांत उभा राहून तो गरजला, "मास्तर, तुमच्या नांवाचं वॉरंट आहे. गुन्हा कबूल करा, नाहींतर चला ठाण्यावर!"

आम्हीं हात जोडून गुन्हा कबूल केला. कोणता, तें त्याला ठाऊक नव्हतें. त्यानें सांगितलेला दंड आम्हीं मुकाट्यानें भरला, सुपांत तांदूळ घातले आणि वर एक केळें ठेवलें.