परदेशात कार्ड अडले, तर जाब कोणाला विचारायचा?

परदेशातल्या हॉटेलच्या काउंटरवर कार्ड नाकारले जाते तेव्हा मुंबईत रात्रीचे दोन वाजलेले असतात. मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांनी अशा वेळी कोणाकडे पाहायचे?

१. नवे कार्ड परदेशी वापर बंद ठेवूनच द्यावे, हा रिझर्व्ह बँकेचा २०२० चा नियम योग्यच आहे. तो वापर चालू करण्याची सोय चोवीस तास द्यावी, हेही त्याच नियमात आहे. पण शाखेत कार्ड देताना हे कोणी समजावून सांगते का? न सांगितलेली सोय ही सोयच नव्हे.

२. ही सोय वापरायला बँकेचे ॲप उघडावे, तर अनेकदा ओटीपी लागतो आणि तो येतो भारतातल्या सिमवर. रोमिंग नसेल तर सगळेच ठप्प. बँकेचा १८०० ने सुरू होणारा मदत क्रमांक परदेशातून बहुधा लागतच नाही. इकडे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमाने मुदत घातली आहे: आपली किंवा बँकेची चूक नसताना कोणी पैसे काढले, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवावे, उशीर झाला तर नुकसानीचा वाटा आपल्या माथी येतो. फोन लागेना आणि मुदत मात्र धावतेय, हा कुठला न्याय? परदेशातून लागणारा क्रमांक प्रत्येक कार्डावर ठळक छापलाच पाहिजे.

३. देशातल्या एटीएममधून नोटा आल्या नाहीत, खात्यातून मात्र रक्कम गेली, तर ती पाच दिवसांत परत करावी लागते. पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेची सप्टेंबर २०१९ ची ही चौकट फक्त देशांतर्गत व्यवहारांना लागू आहे. बँकॉकच्या यंत्राने तेच केले तर? दोन देशांतल्या बँकांना नोंदी ताडायला वेळ लागणार, हे मान्य. पण अनधिकृत व्यवहार कळवला की दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करण्याचे बंधन बँकांवर आहेच. एका तक्रारीत जमते, ते दुसरीत जमवलेच पाहिजे.

४. आपणही दोन वेगळ्या बँकांची कार्डे आणि थोडे परकीय चलन जवळ ठेवावे, नकाराची पावती जपावी. आणि घरी परतल्यावर दगदग नको म्हणून गप्प बसू नये. तक्रार लेखी करा. ३० दिवसांत बँकेचे उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा; तिथे एक रुपयाही शुल्क नाही.