एका पत्र्याची तीन नावे

फार्गो, डॉज आणि डिसोटो ही कुर्ल्याच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या, जवळजवळ एकाच ट्रकची तीन नावे होती. पुढे आलेले नाकाड तेच, केबिन तेच. फरक समोरच्या जाळीचा आणि तिच्यावरच्या अक्षरांचा. नाशिकहून निफाडमार्गे येवल्याकडे जाताना विंचूरला लासलगावचा फाटा लागतो. आज तिथून कांद्याच्या आयशर सुटतात. ज्या काळात या रस्त्यावरून नाकाडे ट्रक धावत, त्या काळात मालकाच्या तोंडी ‘आपली फार्गो’ आणि ‘त्यांची डॉज’ असा स्पष्ट भेद असे. हा भेद कुर्ल्यात जन्मलेला नव्हता. त्या नावांमागे अमेरिकेतल्या गाड्यांची एक शिडी होती. समुद्र ओलांडताना शिडी गळून पडली, पायऱ्यांची नावे तेवढी इकडे पोचली.

अशी शिडी रचण्याची रीत पाडली जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी. १९२१ मध्ये जनरल मोटर्सची अवस्था बिकट होती. कंपनीकडे गाड्यांची अनेक नावे होती, पण त्यांच्या किमती एकमेकींवर आदळत आणि घरातल्या घरात भांडण लागे. स्लोन यांच्या समितीने सर्व गाड्यांना सहा किंमतपट्टे आखून दिले. सर्वांत खालचा साडेचारशे ते सहाशे डॉलरचा, सर्वांत वरचा अडीच ते साडेतीन हजारांचा. काही वर्षांत घडी बसली ती अशी: तळाला शेवरोलेट, तिच्यावर पाँटिअॅक, मग ओल्ड्समोबिल, मग ब्यूक आणि शेंड्यावर कॅडिलॅक. १९२४ च्या भागधारकांच्या अहवालात धोरण एका ओळीत आले, की प्रत्येक खिशासाठी आणि प्रत्येक गरजेसाठी एक गाडी. हेन्री फोर्ड यांचे गणित नेमके उलटे होते. एकच मॉडेल टी, आणि बहुतेक दरवर्षी तिची किंमत कमी. १९२५ मध्ये ती २६० डॉलरपर्यंत उतरली. १९२७ मध्ये दीड कोटी गाड्या करून ती बंद पडली. माणसाला स्वस्त गाडी हवी असते हे फोर्डना कळले होते. शेजाऱ्यापेक्षा एक पायरी वरची गाडी हवी असते, हे स्लोन यांना कळले.

विंचूरला ही गोष्ट नवी वाटू नये. विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या घराण्याचे हे सरदारकीचे गाव. पेशवाईत पालखी, अबदागीर, नौबत हे मान होते. पदरी पैसा असला तरी पालखीत बसता येत नसे. तो मान सरकारातून मिळावा लागे आणि पालखीच्या खर्चाची नेमणूकही त्याबरोबर येई. वाहनावरून माणसाची पायरी ओळखण्याची रीत, म्हणजे, मोटारींच्या डेट्रॉइट शहराची नव्हे. डेट्रॉइटने एवढेच केले, की पालखी हप्त्याने विकायला काढली.

पायऱ्या ओळखू याव्यात म्हणून खुणाही ठरल्या. १९४९ पासून ब्यूकच्या बॉनेटच्या कडेला गोल भोके आली. रोडमास्टर या थोरल्या मॉडेलला प्रत्येक बाजूला चार, धाकट्यांना तीन. इंजिनाला त्यांचा फारसा उपयोग नव्हता. उपयोग रस्त्यावरच्या बघ्याला होता. कॅडिलॅकला १९४८ मध्ये मागच्या बाजूला माशासारखे लहान पर फुटले आणि १९५९ पर्यंत ते रॉकेटच्या पंखांएवढे झाले. १९५५ च्या सुमारास साधी शेवरोलेट सोळाशे-सतराशे डॉलरपासून मिळे आणि चार दारांची कॅडिलॅक चार हजारांच्या आसपास. पण आतला सांगाडा पुष्कळदा सामायिक असे. पत्र्याचे मूळ कवच दोन-तीन मापांचे, त्यावर पाच नावांचा साज.

या गाड्यांना ‘फुल साइझ’ म्हणण्याची गरज पडली तीही उशिरा. १९५९-६० मध्ये फोर्ड फाल्कन, शेवरोलेट कॉर्वेअर अशा आटोपशीर गाड्या आल्या, तेव्हा जुन्या मापाला वेगळे नाव लागले. तोवर तिला नुसती गाडी म्हणत. शेवरोलेटची इंपाला ही तिची सर्वांत ओळखीची सूरत. १९५९ ची इंपाला सुमारे ५.३६ मीटर लांब होती, तर आपली प्रीमियर पद्मिनी ३.९ मीटरच्या आत-बाहेर. इंपालात पुढे सलग सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढे तिघे आणि मागे तिघे मोकळेपणी बसत. डिकीत घरभर सामान मावे. १९६५ मध्ये एकट्या इंपालाच्या दहा लाखांवर गाड्या खपल्या. आणि ही शिडीच्या तळाची गाडी!

क्रायस्लरची शिडी निराळी होती आणि कुर्ल्याचा संबंध तिच्याशी येतो. तिथे प्लायमाउथ सर्वांत स्वस्त. तिच्यावर डॉज, डिसोटो, क्रायस्लर आणि वर इंपीरियल. यांतला पेच विक्रेत्यांचा होता. परदेशात डॉज विकणाऱ्याला स्वस्त गाडीही हवी असे, आणि डिसोटो विकणाऱ्यालाही. मग कंपनीने प्लायमाउथलाच जाळी बदलून दोन नावे दिली: डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट. ट्रकचेही तसेच. डॉजचा ट्रक ज्या दुकानात ठेवता येत नसे, तिथल्यासाठी त्यावर फार्गो असे नाव ठोकले गेले. अमेरिकेत जे भेद खिशाचे होते, ते निर्यातीत दुकानदारांच्या सोयीचे उरले.

मुंबईत ही मंडळी लवकर आली. फोर्डने कॅनडातल्या शाखेमार्फत १९२६ मध्ये भारतात कंपनी काढली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला, आणि पेटाऱ्यांतून आलेले सुटे भाग तिथे जोडून शेवरोलेट बाहेर पडू लागल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लरशी करार केला. चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून कुर्ल्यात या घराण्याच्या मोटारी आणि ट्रक जोडले जाऊ लागले. किंग्जवे, डिप्लोमॅट आणि प्लायमाउथ सॅव्हॉय एकाच छपराखाली तयार होत. मुंबईच्या टॅक्सीतळांवर रुंद बॉनेटच्या डॉज आणि प्लायमाउथ उभ्या राहत. म्हणजे अमेरिकेत नोकरदाराची पहिली नवी गाडी, आणि इथे एक तर शेठजींची किंवा भाड्याची. मधली पायरीच नव्हती.

मग सरकारने दार ओढून घेतले. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर नुसती जुळणी करणाऱ्यांना जागा उरली नाही. सुटे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम हवा, अशी अट आली. फोर्ड आणि जनरल मोटर्स १९५४ पर्यंत निघून गेल्या. प्रीमियर टिकली, पण मोटारीसाठी तिने इटलीची लहान फियाट ११०० धरली. तिच्या मागच्या कोपऱ्यांवरची चिमुकली टोके पाहिली की अमेरिकी परांची हवा तूरिनपर्यंत पोचली होती हे कळते. ट्रकवर मात्र फार्गो, डॉज, डिसोटो ही नावे आणखी बरीच वर्षे चालली. डिसोटो हे नाव अमेरिकेत १९६० च्या नोव्हेंबरमध्ये पुसले गेले. इकडे त्यानंतरही ते माल ओढत होते.

इंपाला नव्याने येण्याच्या वाटा आता थोड्या उरल्या. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत लिलावात निघत. कोणाला आयातीची परवानगी मिळे. साहजिकच तळाची शेवरोलेट इथे शेंड्यावर जाऊन बसली. हिंदी सिनेमात श्रीमंत बापाच्या दारात इंपाला उभी केली की पुढचे संवाद लिहायची गरज उरत नसे. ब्यूक वरची की ओल्ड्समोबिल, हे इथे कोणी विचारले नाही. गाडी परदेशी आहे एवढीच पायरी होती, आणि ती चढायला पैशापेक्षा परवान्याची गरज जास्त. पालखी पुन्हा सरकारातून मिळू लागली होती.

मूळ शिडीही पुढे आतून पोखरली गेली. १९७७ मध्ये ओल्ड्समोबिल घेतलेल्यांच्या ध्यानात आले, की बॉनेटखाली शेवरोलेटचे इंजिन आहे. सुटे भाग बसेनात तेव्हा ते उघडकीस आले, खटले झाले आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली. इंजिन वाईट नव्हते. तक्रार एवढीच, की वरच्या पायरीचे पैसे घेऊन खालची पायरी दिली. १९८२ ची कॅडिलॅक सिमॅरॉन तर शेवरोलेट कॅव्हेलिअरलाच दागिने घालून उभी केलेली होती. एकदा गिऱ्हाइकाला पत्र्याखालचे दिसू लागल्यावर मधल्या नावांना अर्थ राहिला नाही. प्लायमाउथ २००१ मध्ये, ओल्ड्समोबिल २००४ मध्ये, पाँटिअॅक २०१० मध्ये आणि फोर्डची मधली पायरी मर्क्युरी २०११ मध्ये संपली. फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया, पोलिसांची आणि टॅक्सीवाल्यांची आवडती, २०११ मध्येच थांबली. शेवटची इंपाला २०२० च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटमध्ये तयार झाली. लोक तोवर उंच, चौकोनी एसयूव्हींकडे आणि पिकअपकडे वळले होते.

जनरल मोटर्स नव्वदच्या दशकात भारतात परतली होती. २००३ पासून तिने इथे शेवरोलेट हे नाव लावले आणि २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला कारखाना काढला. तिथून बाहेर पडल्या त्या स्पार्क आणि बीटसारख्या चिमुकल्या गाड्या. २०१७ अखेर कंपनीने देशातली विक्री थांबवली, २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही थांबले, आणि तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. या फेरीतून नाशिक-येवला रस्त्यावर ज्या शेवरोलेटने नाव कमावले ती टवेरा: इसुझूच्या घडणीची, डिझेलवर चालणारी, शिर्डीच्या फेऱ्यांना आणि लग्नाच्या वऱ्हाडाला हमखास लागणारी. तिच्या जाळीवर सोनेरी ‘बो टाय’ आहे, शेवरोलेटची जुनी खूण. मागे तिसऱ्या रांगेत मात्र चौघे बसतात.